अस्सल, नक्कल व बनावट : रामायण-महाभारताच्या लघुचित्रांसंबंधीं कांहीं विचार

(१)

ऐतिहासिक कागदपत्रांच्या अभ्यासकांस ‘अस्सल’, ‘नक्कल’ व ‘बनावट’ हे तीन शब्द नित्य परिचयाचे आहेत. अस्सल पत्र हातीं लागलें तर आपणांस आनंद होतो. अस्सल नष्ट झालें असून त्याची जुनी नक्कल सांपडली, तर तीहि आपण आदरानें छापतों व तिच्या आधारें विधानें करतों. बनावट पत्र मात्र, त्याचें मोडी वळण कितीहि सुंदर असो, पुराव्यांतून बाजूस काढतों. नक्कल व बनावट यांतील भेद कागदाच्या वयाचा नव्हे, कीं हस्तकौशल्याचाहि नव्हे. नक्कल आपण नक्कल असल्याचें सांगते. बनावट पत्र तें लपवितें. भेद एवढाच, परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तोच सर्वस्व आहे.

पत्रांच्या बाबतींत आपण जो विवेक दक्षतेनें पाळतों, तो चित्रांच्या बाबतींत पाळतोंच असें नाहीं. रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं जुनीं लघुचित्रें पाहून हातानें काढलेल्या नकला आज घरोघर दिसतात. त्यांविषयीं सुशिक्षितांचीं दोन टोंकांचीं मतें आढळतात. कित्येक त्यांना ‘दुकानी माल’ म्हणून तुच्छ लेखतात. कित्येक पिवळट कागद पाहतांच तें दोनशें वर्षांचें म्हणून मानतात. दोन्ही मतें सारखींच चुकीचीं होत, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. नक्कल ही या कलेंत आगंतुक नाहीं. ही कला नकलेवरच वाढली. परंतु ज्या नकलेनें आपलें मूळ लपविलें, ती नक्कल न राहतां बनावट होते, आणि तीपासून होणारी हानि केवळ गिऱ्हाइकाच्या पैशापुरती राहत नाहीं. हें कसें, तें एका पानाच्या निमित्तानें सांगतों.

(२)

गेल्या वर्षीं माझे एक जुने विद्यार्थी राजस्थानच्या प्रवासाहून परतल्यावर एक चित्र घेऊन मजकडे आले. चित्र कांचेच्या चौकटींत बसविलेलें होतें. “गुरुजी, रामायणाच्या जुन्या पोथीचें पान आहे, दोनशें वर्षांपूर्वींचें, असें दुकानदार म्हणाला. वरचें संस्कृत तेवढें वाचून द्या, म्हणजे खालीं मराठींत लिहून लावीन,” असें ते म्हणाले. पान सुमारें दहा इंच लांब व पांच इंच रुंद. वरच्या बाजूस काळ्या शाईनें लिहिलेल्या पांच ओळी, व त्यांखालीं पानाचा उरलेला सर्व भाग व्यापणारें चित्र. चित्रांतील प्रसंग ओळखण्यास अडचण नव्हती. युद्धकांडांत इंद्रजित् राम-लक्ष्मणांस नागपाशानें बद्ध करतो, तो हा प्रसंग. रेघ बारीक होती, रंग स्वच्छ होते, वानरांचे चेहरे तर फारच सुरेख उतरले होते.

पण अक्षरें वाचूं लागलों, तों त्यांत रामाचें नांव नाहीं, लंकेचें नाहीं. त्या पांच ओळी कोणत्याशा वैद्यकग्रंथाच्या शेवटच्या होत्या. त्यांत ज्वरावरील काढ्याचें प्रमाण होतें. पुढें ग्रंथ समाप्त झाल्याची पुष्पिका सुरू होत होती. तींत ‘संवत्’ हा शब्द व ‘१८’ एवढे दोन अंक स्पष्ट होते. पुढचे दोन अंक आणि लेखकाचें नांव चित्राच्या हिंगुळी किनारीखालीं गडप झालें होतें. डाव्या समासांत ‘४७’ हा पत्रांक होता. चौकट उघडून पान उलटें केलें, तों मागील बाजूस त्याच ग्रंथाचा मजकूर सलग लिहिलेला निघाला.

म्हणजे पान खरोखरच जुनें होतें; चित्र मात्र अलीकडचें होतें. चित्राला जुनेपणा यावा म्हणून एक पोथी फोडली गेली होती, आणि पोथीच्या ज्या एका पानावर तिचा काळ व लेखक यांचा उल्लेख होता, त्याच पानावरील तो उल्लेख रंगाखालीं गेला होता. उरलेलीं सेहेचाळीस पानें कोठें असतील, व त्यांवर कोणकोणतीं चित्रें रंगलीं असतील, हें आतां कोण सांगणार? विद्यार्थ्यांस हें सांगितलें, तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “म्हणजे मीं फसलों, हें खरें, पण फसलों त्यापेक्षां दुसरेंच कांहीं वाईट झालें.” त्यांचें हें म्हणणें यथार्थ होतें.

(३)

त्या पानावरील चित्र ज्याची नक्कल होतें, तें मूळ कोणतें, हें आतां पाहूं. मेवाडचा महाराणा जगत्सिंह (राज्यकाल इ. स. १६२८ ते १६५२) यानें वाल्मीकि-रामायणाची एक सचित्र पोथी तयार करविली. तिचा लेखक महात्मा हीरानंद. बालकांडाची समाप्ति इ. स. १६४९ त, अयोध्याकांडाची १६५० त, अरण्यकांडाची १६५१ त व युद्धकांडाची १६५२ त झाली. किष्किंधा व उत्तर हीं कांडें १६५३ त, म्हणजे जगत्सिंहाच्या मागून गादीवर आलेल्या राजसिंहाच्या वेळीं, पुरीं झालीं. बालकांडाचीं चित्रें मनोहर नांवाच्या चित्रकाराचीं, आणि अयोध्या व युद्ध या कांडांचीं साहिबदीन नांवाच्या मुसलमान चित्रकाराचीं आहेत. पान पोथीसारखें आडवें, सुमारें पंधरा इंच लांब व नऊ इंच रुंद. आज चारशेंहून अधिक चित्रें शिल्लक आहेत.

या पोथीचे खंड पुढें विखुरले. महाराणा भीमसिंहानें कांहीं खंड कर्नल टॉड यास दिले. टॉडनें ते इंग्लंडांत ड्यूक ऑफ ससेक्स यास दिले. ड्यूकच्या मृत्यूनंतर इ. स. १८४४ त ते ब्रिटिश म्यूझियमनें विकत घेतले, व सांप्रत ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. अरण्यकांड उदेपुरास राहिलें. बालकांडाचीं पुष्कळशीं पानें मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहेत. इ. स. २०१४ त मुंबईचें हें संग्रहालय व ब्रिटिश लायब्ररी यांनीं सर्व उपलब्ध पानांचीं छायाचित्रें एकत्र करून, विखुरलेली पोथी संगणकाच्या पडद्यावर पुन्हा एकत्र वाचतां येईल अशी सोय केली. अस्सल पानें जेथल्या तेथें राहूनहि हें केवळ नकलांच्या साह्यानें साधलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

साहिबदीनाच्या नागपाशाच्या चित्रांत एकच क्षण दाखविलेला नाहीं. इंद्रजित् शरवर्षाव करीत आहे. राम-लक्ष्मण पडले आहेत व वानर शोक करीत आहेत. इंद्रजित् लंकेंत परतून पित्यास भेटत आहे. रावणाच्या आज्ञेवरून राक्षसी सीतेस पुष्पकांतून रणभूमीवर आणीत आहेत. हें सर्व एकाच पानावर आहे. तींच तींच पात्रें पुनःपुन्हां येतात, आणि पाहणाऱ्यानें डोळा फिरवीत कथा वाचावयाची असते. आमच्या कीर्तनकारांचें आख्यान ज्याप्रमाणें एका पदाहून दुसऱ्या पदाकडे सरकतें, त्याप्रमाणें हें चित्र सरकतें. माझ्या विद्यार्थ्याच्या पानावर जागा लहान, म्हणून नकलकारानें लंकेची बाजू व पुष्पक हीं दोन्ही गाळलीं होतीं. त्यामुळें सीतेचा शोक व त्रिजटेनें केलेलें तिचें सांत्वन हा कथेचा कणाच नाहींसा झाला, आणि केवळ एक लढाई शिल्लक राहिली. पोथ्यांची तुलना करणाऱ्यास ज्याला ‘गळालेला पाठ’ म्हणावयाची संवय आहे, तीच ही गोष्ट रेषा-रंगांत झाली.

(४)

आतां नक्कल ही या कलेंत आगंतुक नाहीं, असें जें वर म्हटलें, त्याचीं प्रमाणें देतों.

अकबर बादशहानें इ. स. १५८२ त महाभारताचें फारसी भाषांतर सुरू करविलें. पंडितांनीं अर्थ सांगावा व नकीबखान प्रभृतींनीं तो फारसींत उतरावा, अशी व्यवस्था होती. या ग्रंथास ‘रज्मनामा’ असें नांव मिळालें. त्याची बादशाही प्रत जयपूरच्या राजसंग्रहांत आहे व तींत दीडशेंहून अधिक चित्रें आहेत. या चित्रांचा आराखडा कोणीं केला व रंगकाम कोणीं केलें, याच्या नोंदी समासांत आहेत; पुष्कळ आराखडे दसवंत याचे आहेत. एका चित्रास दोन-दोन, क्वचित् अधिक हात लागत. मूळ रेषा एकाची, रंग दुसऱ्याचा. म्हणजे प्रत्येक चित्र जन्मतःच अंशतः नक्कल असे. या ग्रंथाच्या पुढें आणखी सचित्र प्रती झाल्या. त्यांतील एक इ. स. १५९८-९९ ची आहे.

रामायणाच्या फारसी भाषांतराची बादशाही प्रत तयार झाल्यावर अब्दुर्रहीम खानखानान यानें बादशहाची परवानगी घेऊन स्वतःसाठीं वेगळी प्रत करविली. ती आज अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें, फ्रीर यांच्या संग्रहांत आहे. आपण बादशाही प्रत पाहिली व तीवरून ही करविली, असें खानखानानानें स्वतः प्रतीवर लिहून ठेविलें आहे. जो पुरुष स्वतः हिंदीचा रसिक कवि व मोठा सरदार, त्यास आपली प्रत नक्कल आहे हें लिहिण्यांत कमीपणा वाटला नाहीं. उलट त्या टिपणामुळेंच तिचें मोल आज वाढलें आहे. तिचे चित्रकार बादशाही चित्रांस बांधून घेऊन राहिले नाहींत, पुष्कळ प्रसंग त्यांनीं स्वतंत्रपणें रचले, हेंहि तें टिपण असल्यामुळेंच आपणांस तुलना करून म्हणतां येतें.

पहाडी प्रदेशांतील उदाहरण याहून बोलकें आहे. गुलेर येथील पंडित सेऊ याचा वडील पुत्र मानकू यानें इ. स. १७२५ च्या सुमारास युद्धकांडावर मोठ्या आकाराची एक चित्रमाला आरंभिली. आनंद कुमारस्वामींनीं ती प्रसिद्धीस आणिली. ही माला अपुरी राहिली. आरंभींचीं पानें पूर्ण रंगलेलीं, पुढचीं अर्धवट रंगलेलीं, व त्यापुढचीं नुसतीं रेखांकित, अशी तिची स्थिति आहे. अपूर्णतेमुळेंच कारखान्याची रीत उघडी पडली. आधीं रेखांकन, मग रंग, मग बारकावे. पहाडी चित्रकारांच्या घराण्यांत अशीं रेखांकनें पिढ्यान्पिढ्या जपून ठेवलेलीं असत, व बापाच्या रेखांकनावरून मुलगा व नातू चित्रें करीत. इ. स. १९६८ त बी. एन. गोस्वामी यांनीं, पहाडी चित्रांची शैली संस्थानावरून नव्हे तर घराण्यावरून ओळखावी, असें प्रतिपादिलें. घराणें टिकतें तें आधीच्या पिढीची रेषा गिरवूनच.

सारांश, संस्कृत पोथ्यांचें जें, तेंच या चित्रांचें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें इ. स. १९१९ त महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली व १९६६ त ती पुरी केली. डॉ. सुखठणकर प्रभृति संपादकांपुढें व्यासांच्या हातचें एकहि पान नव्हतें. होत्या त्या निरनिराळ्या लिपींतील शेंकडों नकला, आणि नकलांच्या नकला. त्यांचे परस्परसंबंध लावूनच ग्रंथ सिद्ध झाला. तेव्हां नकलेस हीन मानणाऱ्यानें आपली सारी वाङ्मयीन संपत्तिच हीन मानली पाहिजे.

(५)

नक्कल मुळाच्या मदतीस कशी येते, याचींहि उदाहरणें आहेत. जयपूरची रज्मनाम्याची प्रत विसाव्या शतकांत दीर्घकाळ अभ्यासकांस दुर्लभ होती. परंतु इ. स. १८८३ त जयपुरास जें प्रदर्शन भरलें, त्याच्या वृत्तांताच्या एका खंडांत डॉ. हेंडले यांनीं त्या प्रतींतील बहुतेक चित्रें एकरंगी छापून ठेविलीं होतीं. पुढील अभ्यासकांस मुख्यतः त्याच छापील पानांवर भिस्त ठेवावी लागली. त्याच हेंडले यांच्या देखरेखीखालीं इ. स. १८८७ त उघडलेल्या जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयाच्या भिंतींवर तेथील चिताऱ्यांनीं रज्मनाम्यांतील कांहीं चित्रें मोठीं करून रंगविलीं. वीतभर पानावरचें भारत त्यामुळें रस्त्यावरच्या माणसास पाहतां आलें. या नकला जाहीरपणें नकला आहेत. त्यांनीं कोणास फसविलें नाहीं.

आपल्या प्रांतांतील अजिंठ्याचीं भित्तिचित्रें लघुचित्रें नव्हत. तथापि नकलेचा गुण त्यांत चांगला दिसतो. मेजर गिल यांनीं इ. स. १८४४ पासून घेतलेल्या नकलांपैकीं बहुतेक १८६६ त लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. पुढें १८७२ ते १८८५ या काळांत मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करविल्या; त्यांतीलहि कांहीं १८८५ त लंडनमध्येंच जळाल्या. जें वांचलें त्यावरून, दरम्यानच्या काळांत भिंतीवरून गळून गेलेल्या रंगाची आज कल्पना करतां येते. औंध येथें बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं इ. स. १९३८ त जें संग्रहालय उघडलें, त्यांत अस्सल लघुचित्रेंहि आहेत व पाश्चात्य नामांकित चित्रांच्या नकलाहि आहेत. बाळासाहेब स्वतः चित्रकार; चित्ररामायण त्यांनीं स्वतःच्या हातानें काढलें. नकलेपासून प्रेक्षकाचा डोळा तयार होतो, हें त्यांस पूर्ण ठाऊक होतें.

(६)

आज जयपूर, उदेपूर इत्यादि ठिकाणीं ज्या नकला होतात, त्यांची रीत बरीचशी जुनीच आहे. कागदाचे तीन-चार थर लेईनें एकावर एक चिकटवून जाड पत्र करतात; त्यास ‘वसली’ म्हणतात. कसर लागूं नये म्हणून लेईंत मोरचूद घालण्याची चाल आहे. मूळ चित्राची रेषा उतरून घेण्यास पूर्वीं हरिणाचें पारदर्शक केलेलें पातळ कातडें वापरीत. अशा उताऱ्यास ‘चरबा’ म्हणत. रेषांवर सुईनें बारीक छिद्रें पाडून वर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली, म्हणजे खालच्या कागदावर ठिपक्यांची आकृति उठते, हा ‘खाका’. चरबा उलटा ठेविला तर चित्रहि उलटें उमटतें, व उजवीकडचा राम डावीकडे जातो. जुन्या चित्रांच्या उलट-सुलट जोड्या सांपडतात, त्यांचें एक कारण हेंच.

रेखांकनावर पातळ पांढरा हात देऊन त्यांतून दिसणारी रेषा पुन्हा पक्की करतात. मग सपाट रंग भरतात. चित्र पालथें घालून पाठीमागून अकीकाच्या दगडानें घोटतात. त्यायोगें रंग कागदांत बसतो व त्यास तकाकी येते. सर्वांत शेवटीं दागिने, डोळे, केस, झाडांचीं पानें व सोन्याचें काम. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. रंगांत हिंगूळ, शेंदूर, गेरू, हरताळ, नीळ, काजळी व जंगाल हे मुख्य. यांपैकीं जंगाल कालांतरानें कागद खातो. जुन्या चित्रांत हिरव्या भागाच्या जागीं कागद तपकिरी होऊन फाटलेला दिसतो, तो यामुळें. अशा रीतीनें काम करणाऱ्या कारागिराचें कौशल्य खरें असतें. त्यानें वसलीवर नक्कल करून खालीं आपलें नांव घातलें, तर ती पूर्वजांच्या रीतीचीच चीज होय. दोष कारागिराच्या हाताचा नाहीं. जुन्या पोथीचें पान त्याच्यापुढें ठेवून, ‘यावर काढ, म्हणजे जुनें म्हणून विकतां येईल,’ असें सांगणाऱ्या व्यवहाराचा तो दोष आहे.

(७)

मग सामान्य वाचकानें अस्सल, नक्कल व बनावट यांचा निवाडा कसा करावा? पूर्ण निर्णय तज्ज्ञांचा. परंतु पुढील चार गोष्टी कोणासहि पाहतां येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, अक्षरें वाचावीं. चित्राभोंवतींचा मजकूर चित्राचा आहे काय? रामायणाच्या चित्रावर वैद्यक, ज्योतिष, जमाखर्च किंवा उर्दू दस्तऐवज असेल, तर उत्तर तेथेंच मिळालें. लिपि येत नसेल तर येणाऱ्यास विचारावें. विकत घेतल्यावर विचारण्यापेक्षां आधीं विचारावें.

दुसरी गोष्ट, शाई व रंग यांचा क्रम पाहावा. सचित्र पोथींत चित्रासाठीं जागा राखून मजकूर लिहीत. ओळ चित्राच्या कडेशीं थांबते. ओळीचीं अक्षरें अर्धवट रंगाखालीं गेलीं असतील, तर चित्र मागाहूनचें. कसरीच्या छिद्रांचीहि साक्ष घ्यावी. कसर चित्रास लागली असेल तर छिद्र रंगासकट आरपार असतें. रंग जर छिद्राच्या कडेवरून आंत उतरला असेल, तर छिद्र आधीचें व रंग नंतरचा. घडीचें तसेंच. जुन्या चित्राचा रंग घडीवर तडकतो. नवा रंग घडीवरून सलग जातो.

तिसरी गोष्ट, कथा पाहावी. कोणत्या कांडांतील वा पर्वांतील प्रसंग, मूळ ग्रंथांत काय आहे, चित्रांत काय गळालें, काय वाढलें, कोणतें पात्र चुकीच्या जागीं गेलें, हें तपासावें. पोथीचा लेखक न समजलेलें अक्षर जसें भलतेंच लिहितो, तसा नकलकार न समजलेली वस्तु भलतीच काढतो. धनुष्याचें दुसरें टोंक म्हणून शेजारच्या झाडाची फांदीहि ओढतो. असे प्रमाद नकलेचें मूळ शोधण्यास फार उपयोगी पडतात. ज्यांनीं वाल्मीकि व व्यास वाचले आहेत, त्यांस येथें कलातज्ज्ञांहूनहि अधिक सांगतां येईल.

चौथी गोष्ट रंगद्रव्यांची. ती प्रयोगशाळेची आहे. प्रशियन निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत निघाला. टायटॅनियमचा पांढरा रंग इ. स. १९२० च्या सुमारास बाजारांत आला. सतराव्या शतकाचें म्हणून सांगितलेल्या चित्रांत हे मूळचे रंग म्हणून निघाले, तर वाद संपला. मात्र जुन्या चित्राची मागाहून डागडुजी होत असे. म्हणून एका ठिपक्यावरून संपूर्ण चित्राचा निकाल करूं नये.

कायद्याचीहि एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. इ. स. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि अधिनियमान्वयें शंभर वर्षांहून जुनें चित्र ही पुरावस्तु होय. वाङ्मयीन, शास्त्रीय वा ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें पुरतात. अशी वस्तु खासगी इसमास परदेशीं नेतां येत नाहीं. यांतून एक चमत्कारिक स्थिति उद्भवते. दुकानांत जें चित्र ‘दोनशें वर्षांचें’ असतें, तेंच परदेशीं धाडतांना ‘पुरावस्तु नव्हे’ ठरावें लागतें. चित्राच्या बाबतींत हें दुसरें विधान खरेंहि असतें. पण चित्राखालचें पान मात्र खरोखर जुनें असतें, आणि तें पान चित्राच्या आड लपून देशाबाहेर जातें, याची दाद कोण घेणार?

(८)

यावर उपाय काय? पोथ्या फोडून विकण्यास व विकत घेण्यास आळा बसला पाहिजे, हें उघड आहे. तो अधिकार शासनाचा. परंतु आपल्या हातचें एक काम आहे. आपल्या जुन्या लेखकांनीं प्रत्येक नकलेस पुष्पिका जोडली. ग्रंथाचें नांव, लेखकाचें नांव, स्थळ, काळ, व कोणासाठीं लिहिलें, हें त्यांत येई. जसें पुस्तक पाहिलें तसें लिहिलें, शुद्धाशुद्धाचा दोष मज देऊं नये, अशा आशयाचा श्लोकहि ते शेवटीं लिहीत. त्यांत विनय आहेच. पण त्याहून महत्त्वाची कबुली आहे, कीं हें मूळ नव्हे, हें पाहून लिहिलेलें आहे.

तशी पुष्पिका प्रत्येक चित्राच्या नकलेस असावी, एवढीच या लेखाची विनंति आहे. नक्कल कोणत्या चित्राची, व तें मूळ कोठें आहे. ती कोणीं, कोठें व कोणत्या वर्षीं केली. आकार बदलला असल्यास किती, व मुळांतील कांहीं गाळलें वा वाढविलें असल्यास काय. आणि कागद नवा कीं जुना. या चार गोष्टी ज्याच्या घरीं असें चित्र असेल त्यानें वेगळ्या कागदावर लिहून चौकटीच्या पाठीशीं लावाव्या. ठाऊक नसेल ती जागा कोरी ठेवावी. तर्कानें भरूं नये. चित्राच्या पाठीवर मात्र कांहींहि लिहूं नये. इतकें केल्यास आजची साधी नक्कल शंभर वर्षांनीं साधन होईल. न केल्यास आजची उत्तम नक्कलहि त्या वेळच्या अभ्यासकास चकविल्यावांचून राहणार नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यांनीं तें पान परत भिंतीवर लाविलें नाहीं. “आतां हें रामायण म्हणून टांगवत नाहीं, आणि टाकवतहि नाहीं,” असें ते म्हणाले. आम्ही दोघांनीं बसून त्याचें वर्णन लिहिलें : लांबी-रुंदी, दोन्ही बाजूंच्या ओळी, पत्रांक, पुष्पिकेचा वाचतां येणारा भाग, आणि शेवटीं चित्राचा विषय व त्याचें मूळ. तें त्यांनीं आपल्या संग्रहांत चित्रांमध्यें न ठेवितां वैद्यकाच्या पोथ्यांमध्यें, ‘अपूर्ण, पत्र १, अंक ४७’ अशा नोंदीनें ठेविलें आहे. काजळीच्या शाईवर हिंगूळ चढला असल्यास अवरक्त किरणांच्या छायाचित्रांत खालची शाई पुष्कळदां दिसूं शकते, असें जाणकार सांगतात. तशी सोय झाल्यास ते दोन अंक व त्या लेखकाचें नांव वाचावयाचें आहे. ज्या कोणा लेखकानें सत्तेचाळीस पानें लिहून शेवटीं आपलें नांव घातलें, त्याचें नांव परत त्यास मिळावें, एवढें तरी आपल्या हातून व्हावें.